तिच्या हातचं पाणी

पोलिसातल्या नोकरीत पाहिलेले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळतात. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला डोकं खाजवावं लागतं. चाकणच्या पट्ट्यातलं एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात ना शस्त्र होतं, ना रक्त. टेबलावर पाण्याचा एक पेला होता, एवढंच.

निघोज्याच्या अलीकडे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे, एका भटक्या जमातीची वस्ती आहे. जमातीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाडवडील गावोगाव फिरायचे, आताची पिढी कंपन्यांत कंत्राटावर लागलेली. अंगावर गणवेश, गळ्यात ओळखपत्र. पण लग्न, भांडण, सोडचिठ्ठी सगळं ठरवायची जातपंचायत. पंचपद बापाकडून मुलाकडे यायचं. बाईला बैठकीत जागा नव्हती आणि तिची साक्षही धरत नसत.

खबर दिली वस्तीसमोरच्या गॅरेजवाल्या चाचांनी.

"साहेब, इथली म्हातारी सुईण शेवटच्या घटकेला आहे," ते फोनवर म्हणाले. "अर्धी वस्ती तिच्या हातावर जन्मली. आणि पंचांनी हुकूम सोडलाय, तिला खांदा द्यायचा नाही. तुम्ही बघा जरा."

मी साध्या कपड्यांत गेलो. मरणाला टेकलेल्या माणसाच्या दारात चपलांचा ढीग असतो. इथे एकच जोड होता. आत खाटेवर म्हातारी आणि तिच्या उशाशी विधवा सून. सून एका सुट्या भागांच्या कंपनीत मशीनवर होती. मी कोण ते सांगितलं. मग ती एकदम सुटली.

"कंपनीत कँटीन कमिटीला मत टाकते मी, साहेब. पोहे कुठल्या दिवशी करायचे, ते बी निवडून दिलेली माणसं ठरवतात. आन् माणूस जातीत ठेवायचा का बाहेर काढायचा, ते चौघांनी ठरवायचं? म्या बैठकीत जाऊन उभी राहिले. म्हनलं, पंच निवडून द्या आन् बायांना बसू द्या. एवढंच बोलले."

एवढंच पुरलं. सुनेला वाळीत टाकलं. सासूने तिला घराबाहेर काढावं, असा हुकूम निघाला. म्हातारीने साफ नकार दिला, म्हणून तीही वाळीत. तेव्हापासून त्यांच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. घेईल तोही बाहेर.

"परत आत घ्यायची काही रीत?" मी विचारलं.

"हाय की. मोठ्या पंचानं आमच्या हातचं पानी घेतलं, आन् जातीतल्या कुणी ते बघितलं, की आमी आत. पर तो कशाला घेतोय?"

सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तू फिर्याद दे, मी गुन्हा नोंदवतो, असं मी सांगितलं. तिने सासूकडे बघितलं.

"तुमी त्यांना आत घालाल. मंग हिला उचलनार कोन? पोलीस?"

तरी तिने फिर्याद दिली.

बहिष्कार हा मोठा चमत्कारिक गुन्हा. चोरीत वस्तू जाते, मारामारीत डोकं फुटतं. इथे कोणी काही करतच नाही, आणि न करणं हाच गुन्हा. पंचनामा कशाचा करणार? वस्तीत जबाब घ्यायला बसलो, तर प्रत्येकाच्या तोंडी एकच पाठ: "कुनी टाकलंय, साहेब? आमची आजीच हाय ती." मग आजीकडे का जात नाही, असं विचारलं की कोणाला शिफ्ट, कोणाला ओव्हरटाइम. आणि तिकडे म्हातारीचा श्वास जड होत चाललेला. मला झोप लागेना.

शेवटी मोठ्या पंचाला ठाण्यात बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ऐटदार मिशा, बोलणं मधाळ. साखरेचा आजार असल्यामुळे डबा आणि गोळ्या घेऊन बायको बरोबर आलेली. ती दाराजवळच्या बाकावर पदर सावरून बसली. फिर्यादी बाईलाही मी समोरासमोर बसवलं होतं.

"हिला वाळीत टाकलंय का?"

"छे हो साहेब. लेकीसारखी हाय आमाला."

"मग हिच्या सासूला भेटायला का गेला नाहीत?"

"कामं असतात. जाऊ की."

असं बराच वेळ चाललं. मी तेच तेच उलटसुलट विचारत होतो आणि तो दरवेळी हसत निसटत होता. एवढ्यात बायकोने गोळी आणून त्याच्या हातावर ठेवली. मी काही बोलायच्या आत ती विधवा उठली. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

पंचाचं हसू गेलं. हवालदार लिहिता लिहिता थांबला.

"घ्या पाणी," मी म्हणालो. "लेकीच्या हातचं आहे."

"तहान न्हाई."

"गोळी घ्यायचीय ना? हवालदार, लिहा. फिर्यादीने दिलेलं पाणी घ्यायला यांनी नकार दिला."

पेन कागदावर टेकलं. पंचाने खोलीभर नजर फिरवली. मी, हवालदार, दारातला शिपाई: सगळे जातीबाहेरचे. त्याच्या मनातला हिशेब मला चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. जातीतलं कोणीच बघत नव्हतं. त्याने गोळी तोंडात टाकली, पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"झालं समाधान?" मिशा पुसत त्याने विचारलं.

हातातली केस गेली होती. उद्या न्यायालयात तो छातीठोकपणे सांगणार होता, मी तर हिच्या हातचं पाणी प्यायलो. फिर्यादी बाई खाली मान घालून उभी होती. तेवढ्यात बाक वाजला. पंचाची बायको उठली, डबा तिथेच ठेवला आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली.

तो तिला हाक मारत उठला, रिक्षात बसून तिच्यामागे निघाला. वस्तीत हाणामारी होईल म्हणून मीही फिर्यादी बाईला जीपमध्ये घेऊन धावलो. पोचलो तेव्हा पंचाची बायको सुईणीच्या दारापुढे उभी होती आणि भोवती माणसं गोळा झाली होती.

"पंचानं हिच्या हातचं पानी घेतलं," ती माझ्याबरोबरच्या सुनेकडे बोट करून म्हणाली. "म्या बघितलं. आता ह्या दोघी आत हायती."

"बाईची साक्ष धरत न्हाईत," गर्दीतून एक पुरुष गुरकावला.

"नका धरू. त्यो हितंच हाय. देवीच्या दिव्यावर हात ठेवून त्यालाच इचारा."

दिव्यावरची खोटी शपथ कुळ बुडवते, अशी त्यांची पक्की श्रद्धा. कोणीतरी खरंच दिवा आणला. पंच त्या ज्योतीकडे बघत राहिला. पोलिसांपुढे सराईतपणे खोटं बोललेला माणूस, पण पाणी घेतलं नाही अशी शपथ घ्यायला त्याचा हात काही पुढे होईना. माझ्या दोन्ही हवालदारांनी लाठ्या घट्ट धरल्या होत्या.

मग त्याच्या बायकोने चपला काढल्या आणि आत गेली. तिच्यामागे दुसरी गेली, तिसरी गेली. थोड्या वेळाने पुरुषही मान खाली घालून निघाले. दारात चपलांचा ढीग झाला, तेव्हा मला भडभडून आलं. ते लपवायला मी जीपकडे वळलो.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. खांद्याला लागतात त्याहून जास्त माणसं जमली, त्यांत पंचही होता. फिर्याद मागे घे म्हणून सुनेची मनधरणी झाली, पण ती हलली नाही. बाया बैठकीत बसल्या, पंच मतदानाने निवडले गेले, त्यानंतरच तिने न्यायालयाच्या परवानगीने तडजोड केली. मोठा पंच निवडणुकीत पडला.

त्या केसनंतर कुठल्याही तपासात मी आधी एक गोष्ट बघायचो. या खोलीत असं कोण बसलंय, ज्याला कोणी मोजतच नाही? बरेचदा सगळं त्यानेच पाहिलेलं असायचं.

पुढे एकदा पंचाची बायको आठवड्याच्या बाजारात भेटली. नवऱ्याविरुद्ध उभं राहायचं धाडस कुठून आणलंत, असं मी विचारलं. ती पिशवीत मेथीची जुडी कोंबत होती.

"धाडस न्हवतं, साहेब. पेला उचलायच्या आधी त्यानं सगळ्यांकडं बघितलं. शिपायाकडं बी बघितलं. माज्याकडं न्हाई बघितलं. बघितलं असतं, तर मी गप बसले असते."