ओतानेचा अर्धा चेहरा

हिसायो तोकुनागाला दुसऱ्याचं कौतुक झालेलं सहन होत नसे. निशिओगीच्या गल्लीतल्या एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. शेजारच्या खुर्चीत बसून जे जे पुढे गेले, त्या प्रत्येकाबद्दल तिच्या पोटात दुखत आलं होतं. कुणी मोठ्या कंपनीत गेलं, कुणाला बक्षीस मिळालं, एकीचं तर नुसतं लग्न ठरलं, तरी हिचा आठवडा वाईट गेला. तोंडावर मात्र ती सगळ्यांची भरभरून स्तुती करी. पोटात एक आणि ओठांत एक ठेवायला कष्ट पडतात, आणि हिसायो कष्टाला कधी मागे हटली नाही.

तिचं काम घडवण्याचं, पण मातीत नाही, संगणकाच्या पडद्यावर. आधी ठिपके मांडायचे, ठिपक्याला ठिपका रेघेनं जोडायचा, मधल्या जागा पापुद्र्यांनी भरायच्या, की जाळीचं एक डोकं तयार. मग ठिपके ओढत-ढकलत नाक काढायचं, हनुवटी काढायची. पुढे कुणी त्यावर कातडीचा रंग चढवतो, कुणी आत हाडं बसवतो म्हणजे ते हलतं, कुणी दिवे लावतो, आणि शेवटी यंत्र घुरघुरत एकेक चित्र बाहेर काढतं. लोक वाहवा करतात ती हलवणाऱ्याची. घडवणाऱ्याला कोण विचारतो? त्यातही हिसायोच्या वाट्याला देवळाचे खांब, किटल्या आणि बाजारातली गर्दी. गोष्टीतलं मुख्य माणूस तिच्या हाती कधी आलंच नव्हतं.

अशात सुगेनो आला. तिशीचा, शांत, आधी दाताच्या कवळ्या बनवायचा. ‘कवळीवाला’ हे नाव हिसायोनंच पाडलं, अर्थात त्याच्या मागे. पण कवळीवाल्यानं पहिलाच चेहरा केला आणि सगळे आपापली कामं टाकून त्याच्या पडद्याभोवती जमले. हिसायोही जमली. तिनं सगळ्यांत जास्त स्तुती केली आणि त्या दिवशी डब्यातला भात तसाच घरी नेला. हाताखाली आला म्हणून त्याला कामाच्या खाचाखोचा तिनंच शिकवायच्या होत्या. प्रत्येक टप्प्याची वेगळी प्रत ठेवायची, आधीची कधी पुसायची नाही, ही पहिली गोष्ट. ती तिनं शिकवली नाही. विसरली म्हणावं, तर ती काहीच विसरत नसे.

मग दिग्दर्शक काजितानींनी दोघांनाही ओताने करायला सांगितली. ओताने ही त्यांच्या नव्या चित्रपटाची नायिका, पन्नाशीची नावाडीण. हिला हवा असलेला माणूस धाकट्या बहिणीला मिळतो, आणि बहिणीची वरात नदीपार न्यायची पाळी हिच्यावरच येते. काजितानी म्हणाले, “तोंडानं ती आशीर्वाद देतेय. चेहरा काय देतोय ते मला दिसलं पाहिजे. शुक्रवारी दोन्ही बघू. ज्याची आवडेल ती घेऊ.”

हिसायोनं जीव ओतला. तिची रीत जुनी आणि चोख होती. चेहरा अर्धाच घडवायचा आणि बाकीचा यंत्राकडून आरशासारखा उलटा उठवून घ्यायचा. अर्धे कष्ट वाचतात, आणि दोन्ही बाजू केसाचाही फरक न होता जुळतात. तिच्या ओतानेच्या सुरकुत्यासुद्धा जोडीजोडीनं होत्या.

मंगळवारी काजितानी सुगेनोच्या खुर्चीमागे उभे राहिले ते बराच वेळ हललेच नाहीत. जाताना म्हणाले, “हं.” एवढंच. त्या ‘हं’नं हिसायोच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण इतकी वर्षं खांब उभारले, आणि हा काल आलेला माणूस!

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला खाली नूडल्सवाल्याकडे गेले. सुगेनोनं विचारलं, “तोकुनागासान, चलताय ना?”

“तुम्ही व्हा पुढे. माझं जरा राहिलंय.”

सगळ्यांची कामं संगणकातल्या एकाच सामायिक कपाटात असतात, ते कुणीही उघडावं. तिनं त्याची ओताने उघडली. डावी बाजू उजवीशी जुळत नव्हती. डावा गाल किंचित उतरलेला, ओठाचा डावा कोपरा जरासा वर ओढलेला. बेशिस्त काम, असं तिनं स्वतःला सांगितलं. वरिष्ठानं सुधारायला नको? पण तिला पक्कं कळलं होतं की हा चेहरा जिवंत आहे आणि आपला नाही. तिनं उजवी बाजू डावीवर उमटवली आणि त्याच प्रतीवर जतन केली. मग ती खाली गेली आणि नूडल्सची वाटी चाटून पुसून खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी फिरवणी झाली. तिथली पद्धत अशी, की चेहरा रंगाशिवाय, नुसता करडा, मोठ्या पडद्यावर एक पूर्ण गिरकी घेतो, आणि गिरकी संपेपर्यंत कुणी बोलत नाही. सुगेनोची ओताने फिरली. नीटनेटकी, गुळगुळीत, मेलेली.

“ही केशकर्तनालयातली लाकडी मुंडी आहे हो,” दिवे लावणारी इबुका पुटपुटली.

सुगेनो पडद्याकडे बघतच राहिला. मग कमरेत वाकला. “माफ करा. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. आधीची प्रत मी ठेवलेली नाही.”

“ठेवत नाहीस? तुला कुणी सांगितलं नाही?” काजितानी म्हणाले. सुगेनोनं हिसायोकडे बघितलंही नाही.

हिसायोची ओताने फिरली. तीही गुळगुळीत, पण काम पक्कं होतं. “तोकुनागासान, तुमची घेऊ,” काजितानी म्हणाले. तिचे कान गरम झाले. इतक्या वर्षांनी! “फक्त एक करा. मंगळवारी ह्याच्या पडद्यावर जे होतं ना, ते डाव्या बाजूचं, ते हिच्यात आणा. त्याशिवाय ही ओताने नाही. सोमवारी दाखवा. नाही जमलं तर दोघांनाही सोडून बाहेरून करून घेऊ.”

सोमवारची सगळी सकाळ ती ठिपके ओढत बसली. गाल खाली ओढला, तर बाईला लकवा झाल्यासारखं दिसे. ओठ वर नेला, तर ती शिंकायच्या बेतात आहे असं वाटे. शुक्रवारी तिनं ते इतकं घाईनं पुसलं होतं की आता आठवेना. जेवणाची वेळ होत आली, तेव्हा तिनं अभिमान गिळला आणि खुर्ची वळवली.

“सुगेनोकुन, जरा बघता का? तुम्ही तो ओठ कसा केला होतात?”

तो लगेच उठून आला. खुशीत दिसत होता. “मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. म्हणून सांगितलं नव्हतं. तो मी तुमच्यावरूनच घेतला होता.”

“माझ्यावरून?”

“तुम्ही कुणाचं काम छान झालंय म्हणून सांगता ना, तेव्हा तुमचा चेहरा तसा होतो. पहिल्या दिवसापासून बघतोय. फार सुंदर, अवघड चेहरा आहे. मला तो नीट जमला की नाही, देव जाणे.”

मागे इबुकाच्या टाइपिंगचा आवाज थांबला. हिसायो पडद्याकडे वळली. माऊसचा बाण ओठावर आणून तिनं कोरड्या आवाजात विचारलं, “किती वर घेऊ?”

सुगेनो वाकला आणि पडद्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, “आत्ता गेलाय तितकाच.”