गिटारीला कोवळं ऊन

लग्नानंतर दोन वर्षं माझी गिटार कुरुंद्याला सासरच्या घरात कपाटावर पडून होती. नांदेडहून मी ती हौसेनं आणली आणि इथं आल्यावर एकदाही वाजवली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण वाजव असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि मी आपणहून विचारणाऱ्यातली नाही. शेवटी चिडून भावाला फोन केला, रविवारी येशील तेव्हा ही घेऊन जा, इथं तिचं काही काम नाही.

जाताना तरी स्वच्छ जावी म्हणून बुधवारी खाली काढली, तर माझं डोकंच फिरलं. आठवडाभर अंगणात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, त्याची धूळ घरभर. गिटारीच्या पिशवीची चेन तुटलेली, त्यामुळं पांढुरकं लाकूड पार पिवळं झालेलं. कोरड्या फडक्यानं पुसलं तर डाग आणखी पसरला. मग रागारागात ओल्या फडक्याला साबण लावून घासलं, तर तो लालभडक झाला. मी ओसरीवर बसून रडले, आणि रडता रडता त्या ड्रमला, हळदीला आणि अख्ख्या गावाला नावं ठेवली.

सासूबाई हळद निवडत होत्या. सावकाश उठून आल्या आणि वाकून बघितलं.

"साबण काहून लावलास गं? हळदीला साबण लावला की ती लाल होती, अन् ऊन दावलं की पळती. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय?"

"आत्याबाई, लाकूड आहे ते. ह्या उन्हात तडकेल."

"भर दुपारी कोण ठेवायलंय? लेकराला दावतो तसं कोवळं ऊन दावू."

मी नुसत्या पाण्याच्या फडक्यानं साबण पुसून काढला आणि तारा सैल केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी ओट्यावर गोधडी अंथरली आणि गिटार तिच्यावर निजवली. थोड्या थोड्या वेळानं ती उन्हाकडे फिरवत होत्या, जवळ आलेल्या कोंबड्यांना शिव्या घालत होत्या. ऊन चढायला लागलं तशी "पुरं झालं" म्हणून त्यांनीच उचलून सावलीत आणली. सावलीत मी जुन्या टूथब्रशनं पट्ट्यांच्या कडांतली हळद काढली, एकेक तार पुसली. शुक्रवारी डाग फिका झाला. शनिवारी शोधूनही सापडेना.

मी तारा आवळल्या आणि गिटार पिशवीत घालायला लागले.

"एवढी शेवा केली हिची," आत्याबाई म्हणाल्या, "आवाज तर ऐकू दे."

वाजवली. बोटांची कातडी मऊ पडली होती, तारा रुतत होत्या. तीनदा चुकले. आत्याबाईंचा हळद निवडणारा हात थांबला होता. झाल्यावर म्हणाल्या, "आणखी एकदा." दुसऱ्यांदा बरं वाजलं.

"तू आलीस तवा वाटलं होतं, आता घरात रोज ऐकू येईल. पर म्या बोलले न्हाई. म्हणलं, सासूनं सांगितलं म्हणून काहून वाजवावं तिनं? तिच्या मनात येईल तवा वाजवील."

मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं मी फुगून बसले होते, आणि ही बाई वाट बघत होती. मी तिसऱ्यांदा वाजवली.

रविवारी भाऊ आला. चहा घेतला आणि गिटारीकडे हात केला. "ही ना न्यायची?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई दादा, हळदीचा डाग पडलाय तिच्यावर. अजून रोज ऊन दावावं लागतंय."

भावानं गिटार उलटीपालटी करून बघितली. लख्ख होती. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"हो," मी म्हटलं, "डाग आहे अजून."

तो पिशवीभर हळद घेऊन गेला.