बेकिंगनंतरचं सॅम्पल

"मॅडम, धुतल्यावरचं सॅम्पल पास आहे ना? मग तेच दाखवा. बेकिंगनंतरचं काहून काढत बसता?"

आमचे मालक, बोरकर साहेब, माझ्या टेबलाशी उभे होते. उरला औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. अंतराळयानाच्या इंजिनाकडे ऑक्सिजन नेणारे व्हॉल्व्ह आम्ही धुतो, ओव्हनमध्ये तापवून सुकवतो आणि पॅक करतो. त्या तापवण्याला बेकिंग म्हणतात. मी केमिस्ट, लॅब माझी. अशा कामाची ही पहिलीच ऑर्डर, उद्या कस्टमरचा इन्स्पेक्टर येणार आणि बेकिंगनंतरच्या तपासणीत अख्खा लॉट फेल.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण व्हॉल्व्ह शुद्ध सॉल्व्हंटने खंगाळून ते सॉल्व्हंट उडवलं, की बशीत मागे काही उरायला नको. उरत होतं.

"साहेब, मी सही करणार नाही."

"अन् ऑर्डर गेली तर?"

"अन् तेलकट व्हॉल्व्हमध्ये ऑक्सिजन शिरून भडका उडाला तर?"

साहेब पाय आपटत गेले.

उरलेला अंश मी आयआर मशीनवर लावला. हे मशीन पदार्थाची जात ओळखतं. मला वाटलं, मशीन ऑइल निघेल. निघालं खायच्या तेला-तुपाच्या जातीचं! आमच्या क्लीनरूममध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नेता येत नाही. धुतल्यावर व्हॉल्व्ह स्वच्छ होते, म्हणजे घाण ओव्हनमध्येच लागत होती. मी टॉर्च घेऊन आत वाकले. दाराच्या आतल्या बाजूला, अगदी वरच्या कडेला, लाल स्वस्तिक.

साहेबांना बोलावलं.

"विश्वकर्मा पूजेचं हाय ते. तूप-सिंदूर. बाहेरून काढलं की तुम्ही लोक लगेच पुसून टाकता, म्हणून आतून काढलं." मग जरा दुखावून म्हणाले, "अन् ग्लोव्हज, टोपी, मास्क, सगळं घालून काढलं बरं!"

ओव्हन तापला की तेच तूप वाफेबरोबर व्हॉल्व्हवर बसत होतं. मला हसू आवरेना. साहेबांनी हात जोडले आणि स्वतःच ते पुसलं. आम्ही ओव्हन साफ केला, रिकामा तापवला, लॉट पुन्हा धुतला, पुन्हा बेक केला. या वेळी बशी कोरी निघाली.

इन्स्पेक्टर आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "बेकिंग के बाद वाला सैंपल दिखाइए."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लॉट पास झाला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

यंदा दुसरा ओव्हन आला. साहेब तूप-सिंदूराची वाटी घेऊन लॅबच्या दारात उभे.

"मॅडम, कुठं काढू?"

मी बाहेरच्या कंप्रेसरकडे बोट दाखवलं.

सॅम्पल शेवटच्या पायरीनंतरच घ्यावं. आणि नव्या मशीनच्या पूजेला केमिस्टला आठवणीने बोलवावं.