सांबराच्या पायांवरचा नऊ

दिगंबरमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीच्या बसस्टँडवर अकोटची बस शोधत होते, त्याच्याकडेच निघाले होते... मामेभावाचा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत मोबाइलवर संदेश सुरू झाले. एकात 'सातपुड्यातली चित्रं जगापुढे आणणारा शोधक हरपला', तर दुसऱ्यात 'चित्रांवर रंग फासणारा गेला'. मला रडू येण्याआधी राग आला. तीन आठवडे झाले, तो अजून पुरता उतरलेला नाही. त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे.

मामा अकोटच्या एका जिनमध्ये कापसाच्या गाठींवर आकडे रंगवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस डोंगरात. मी कॉलेजात गेले आणि त्याच्यासोबत डोंगरात जायला लागले. डोंगरातल्या एका गावचे शेतकरी, सुखलालदादा, पहिल्यांदा आम्हाला कपारीत घेऊन गेले, तो दिवस आठवला की आजही मला एका जागी बसवत नाही. खडकावर हजारो वर्षांपूर्वीचे, गेरूच्या रंगातले बैल, हातात हात घालून नाचणारी माणसं! मामा तिथेच उताणा पडला आणि मोठमोठ्यानं हसत सुटला. सुखलालदादा शांतपणे म्हणाले, "आमाले तं हे पयलेपासून ठाऊक हाय." पुढे मामाचे फोटो छापून आले, गावोगाव सत्कार झाले, पण प्रत्येक भाषण तो सुखलालदादांच्या नावानंच सुरू करायचा. छापणारे ते नाव गाळायचे आणि हा चिडून त्यांना पत्रं लिहायचा.

त्या दोन-तीन वर्षांत आम्ही कपारीमागून कपार पालथी घातली. काय दिवस होते ते! शिदोरी संपायची, पाणी संपायचं, हौस काही संपायची नाही. प्रत्येक कपारीत मामा पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा टाकायचा, चित्रांपासून हातभर लांब, कोपऱ्यात. जिनमध्ये बिनआकड्याची गाठ म्हणजे हरवलेली गाठ, तसंच याही जागांचं होईल अशी त्याला धास्ती होती. रंगानं खडकाला इजा होते, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. नवव्या कपारीत त्याचा पाय मुरगळला, म्हणून ब्रश मी घेतला. मी एकोणीस वर्षांची, समोर भल्या थोरल्या शिंगांचं सांबर, आनंदानं नुसती उडत होते. नऊ असा झोकात काढला की त्याचं शेपूट थेट सांबराच्या मागच्या पायांवरून गेलं.

बऱ्याच वर्षांनी त्याच सांबराचा फोटो मामाविरुद्धचा पुरावा झाला. अकोल्यातल्या एका सभेत एका तरुण संशोधकानं तो पडद्यावर दाखवला आणि विचारलं, हे कोणी केलं? मी तिसऱ्या रांगेत होते, शाळेत शिकवणारी, चांगली चाळिशीतली बाई. मामा उठून उभा राहिला. "मी केलं. चुकलं माहं," एवढंच म्हणाला. मी बसून राहिले. परतीच्या बसमध्ये त्यानंच विषय काढला. "तुले उभं केलं असतं, तं तू पुन्हा डोंगर चढली नसती."

नंतरची वीस वर्षं मी डोंगर चढत राहिले, आणि तोंड उघडलं नाही. लोक त्याला शिव्या देत होते आणि मी लेकीला, विद्यार्थिनींना खरं बोलावं म्हणून सांगत होते. लाज वाटते.

गेल्या रविवारी पुन्हा वर गेले. तो रंग काढता येईल का, हे जाणकारांना विचारून झालंय. तो निघाला तर सांबराचे पायही सोबत निघतील, म्हणे. कपारीत सुखलालदादांची नात आठ-दहा पर्यटकांना चित्रं दाखवत होती. नऊपाशी आल्यावर तिनं सवयीनं मामाचं नाव घेतलं. मी पर्यटकांमधून वाट काढत पुढे झाले. "पोरी, हा आकडा त्यानं नाही, मी काढला," मी म्हटलं.

लगेच पर्यटकांकडे वळून आपलं आधीचं सांगणं चुकलं असं तिनं सरळ सांगून टाकलं, आणि मला विचारलं, "मंग आता नाव काय सांगू?"

मी सांगितलं. या लेखाखाली आहे, तेच.