पन्नास-नव्वद-चार

माझी वहिनी जंग यूछाय हिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खाडीत मी तरी पाहिलेला नाही. मी तिची नणंद, म्हणजे प्रयत्न करण्यात मी कुठे कमी पडले असेन असं कुणी समजू नये.

आमच्याकडे मासे पाण्यावरच पाळतात. निळी पोकळ पिंपं तरंगत ठेवायची, त्यांवर फळ्या टाकायच्या, खाली जाळ्या सोडायच्या आणि वर खोपटं बांधून राहायचं. कोंबड्या, कुत्री, टीव्ही सगळं पाण्यावर. ती पिंपं वहिनी बनवते. त्याआधी एकोणीस वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडत असे. सहाशे नंबर तोंडपाठ होते तिला. मग यंत्रं आली आणि बायकांना घरी पाठवलं. वहिनी घरी बसली नाही, तिने कारखाना काढला.

इतरांच्या पिंपांना दोरासाठी दोन कड्या असत. हिने चार लावल्या. चार हा आमच्याकडे मरणाचा आकडा, दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ एकच. शहाणा माणूस खोलीला, गाडीला, फोनला तो येऊ देत नाही. माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तीन लाव नाहीतर सहा लाव म्हणून हात जोडले. "फळीला कोपरे किती असतात?" तिने विचारलं. चार कड्यांचं पिंप लाटेत फिरत नाही, हे तराफ्यांवर मासे पाळणाऱ्या मासेवाल्यांना एका हंगामात कळलं. पन्नास सेंटिमीटर रुंद, नव्वद लांब, कड्या चार. ते आमच्या दुकानात येऊन सरळ म्हणायचे, "पन्नास-नव्वद-चार द्या."

दोन हजार सहा साली शहरातल्या एका मोठ्या कारखान्याने वेबसाइट काढली आणि आमची लांबची गिऱ्हाइकं पटापट तिकडे गेली. निम्मे कामगार कमी करावे लागले. माझी भाची पेलान कॉलेजातून नुकतीच परतली होती. ती म्हणाली, आपणही वेबसाइट काढू. वहिनी तयार झाली, पण तिने वर आपली एक अट घातलीच. वेबसाइटचं नाव प्रत्येक पिंपाच्या अंगावर उठलं पाहिजे, आणि तेही पोलादी साच्यात कोरून. रंगाने लिहिलेलं समुद्र पुसून टाकतो. नवा साचा म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. नाव चुकलं तर दुसरा साचा करायची ऐपत नव्हती, आणि कारखानाही राहिला नसता.

त्याच आठवड्यात वेबसाइटची नावं विकणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. मीच उचलला.

"मॅडम, तुमच्या कारखान्याचं नाव दुसरं कुणीतरी नोंदवतंय. आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मी थांबवून धरलंय, पण .com, .net अशा सातही प्रकारांत घ्यावं लागेल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा तर पैसे काढायला चप्पल घालून निघालाच. वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला.

"कोण नोंदवतंय?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

"मग त्यालाच द्या. माझ्या कारखान्याचं नाव माझ्या गिऱ्हाइकांनासुद्धा माहीत नाही."

आणि तिने फोन ठेवला. मी तिला नाही नाही ते बोलले. लोक दारात आलेली संधी धरतात, तू हाकलतेस, असंही म्हणाले. ती म्हणाली, "आछिन, मी एकोणीस वर्षं घाबरलेल्या माणसांचे फोन जोडले. घाबरवणाऱ्यांचेही जोडले. हा आवाज मला ओळखीचा आहे."

पेलानने एक इंग्रजी नाव काढलं होतं, समुद्रातल्या ताऱ्याचं. दिसायला देखणं, मला फार आवडलं. दादा म्हणाला, दुकानाचा फोन नंबरच टाका, तो सगळ्यांकडे आहे.

"नंबर एक्सचेंजचा असतो, आपला नसतो," वहिनी म्हणाली. "माझ्यासमोर तीनदा बदललेत. साच्यात कोरशील आणि पुढच्या वर्षी ते आणखी एक आकडा लावतील."

मग तिने आपली तऱ्हा काढली. एका सकाळी वीस मासेवाल्यांना फोन लावले, प्रत्येकाला पेलानचं नाव दोनदा सांगितलं, आणि तीन दिवसांनी पुन्हा लावले. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो. वंगकाका म्हणजे खाडीतले सगळ्यांत जुने मासेवाले. त्यांचा नंबर आला.

"काका, त्या दिवशीचं नाव आठवतंय?"

"तुझ्या पोरीचं ना? इंग्रजी होतं. छान होतं हो."

"काय होतं?"

"छान होतं एवढं आठवतंय."

विसांतल्या एकालाही सांगता आलं नाही. पेलानचं तोंड उतरलं. वहिनीने काकांना तसंच फोनवर ठेवलं होतं. "आणि पन्नास-नव्वद-चार लक्षात राहील का?"

"लक्षात कशाला ठेवायचं?" काका वैतागले. "त्याच्यावर तर बसलोय मी आत्ता."

वहिनीने पेलानकडे पाहिलं. "बघ, पाच, शून्य, नऊ, शून्य, चार, हे पाच आकडे वेबसाइटसाठी कुणी घेतलेत का."

"आई, त्यात चार आहे."

"म्हणूनच बघ म्हणते."

आठांचे, सहांचे, नवांचे सगळे शुभ आकडे लोकांनी केव्हाच लुटून नेले होते. आमचा तिथे तसाच पडला होता, कुणी हात लावला नव्हता. पेलानने पाच मिनिटांत तो नोंदवला. दादा म्हणाला, "मरण कोरून घेताय तुम्ही प्रत्येक पिंपावर." वहिनी म्हणाली, "लोक चार कड्यांवर संसार करतात, झोपतात, तेव्हा त्यांना मरण आठवत नाही. तुलाच कसं आठवतं?" साचा कोरला गेला.

ऑगस्टात वादळ आलं. माणसं आधीच किनाऱ्यावर आणली होती म्हणून वाचली, पण वंगकाकांचा अर्धा तराफा दोर तुटून वाहून गेला, नव्या पिंपांसकट. बाजारात लोक आकड्यालाच दोष देऊ लागले. दोन जणांनी ऑर्डर रद्द केली. मीही म्हणाले, सांगत नव्हते का. वहिनी ऑर्डरची वही पुन्हा पुन्हा चाळत राहिली. तिला मी पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली, आणि मला माझी लाज वाटली.

अठराव्या दिवशी फोन आला. लांब उत्तरेकडचा उच्चार, शिंपले पाळणारा कुणी थांग नावाचा माणूस.

"आमच्या किनाऱ्याला तुमचं एक पिंप लागलंय. अंगावर आकडे होते, मुलीने ते कॉम्प्युटरवर टाकले तर तुम्ही निघालात. इतक्या लांबून आलंय, पण चारही कड्या शाबूत आहेत. माझी सगळी गेली हो वादळात. अशी दोन हजार मिळतील?"

"मिळतील," वहिनी म्हणाली. आवाज सरळ होता, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दादाने उगाचच माझा हात घट्ट धरला.

"आणि हे पिंप परत पाठवू का तुम्हाला?"

"नको, नको. तिथेच राहू दे. फक्त आकडे वर येतील असं ठेवा, आणि वाटेवर ठेवा."

त्या महिन्यात त्याच किनाऱ्यावरून आणखी अकरा फोन आले.