पेन्सिलीचा दाब

मार्थाक्काच्या लेकीचा, रूथचा फोन आला तेव्हा मी इथं पानिपतच्या कारखान्यात चादरींच्या कडा शिवत होते. "सुमनमावशी, अम्मा गेली ओ. पहाटे." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि पुढ्यातला गठ्ठा संपवला. बरं...? कुणी गेल्यावर असं म्हणतात का? सहा आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही. मार्थाक्का असती तर तिलाच विचारलं असतं, मेलेलं माणूस परत भेटतं हा विश्वास म्हणायचा की मी दगड झालेय.

सांगोल्याकडच्या वाडीतून सोलापूरला आले तेव्हा पाचवीतच शाळा सुटलेली. टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईला आणि मार्थाक्का समोर कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला. तिच्या घरात तेलुगू, आमच्याशी मात्र आमच्यासारखीच बोलायची. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून पुटपुटायची. एकदा मी विचारलं, "अक्का, कुणाशी बोलती गं?"

"वळखीच्याशी. तुजी बी करून देऊ का वळख?"

मग दर रविवारी चर्चमधली उपासना झाली की तिच्या घरी, खिडकीपाशी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचं. मी अक्षराला अक्षर जोडत वाचायची. आज हे चार शब्द लिहितेय तेही तिच्याचमुळं. तिचा एक नियम होता. कळलं नाही तिथं समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायचं, कळलं की खोडायचं. मी घाई केली की म्हणायची, "नव्या सुनंला पहिल्याच दिवशी सासूचा सभाव कळतो व्हय? ह्यो तर देव हाय."

बाप्तिस्मा ठरला. आधी चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन माझ्याशी बोलणार होते. मी धड शाळा न शिकलेली, निम्मं शास्त्र न कळलेली. परत पाठवलं तर? आदल्या दिवशी बसून मी सगळी प्रश्नचिन्हं खोडून टाकली. अक्कानं माझं पुस्तक घेतलं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि समासावरून बोट फिरवलं.

"खोडलीस व्हय गं? दाब तसाच हाय की."

"अक्का, त्यांना सांगू नको. एवढे प्रश्न असलेलीला कोण बाप्तिस्मा दील?"

ती हसली आणि तिचं शास्त्र माझ्या मांडीवर ठेवलं. समासात मुंग्यांची रांग लागावी तशी चिन्हं. "तीस वर्सं वाचतीय. लई खोडली, तेवडीच नवी आली. अनोळखी मानसाला आपुन काय इचारतो? पत्ता, आनि वाट धरतो. वळख वाढली की प्रश्न वाढत्यात, येडे."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना मी आधीच सांगून टाकलं, मला पुष्कळ कळत नाही. ते म्हणाले, "मलाही." आणि माझा बाप्तिस्मा झाला. वाडीला कळवलं तर आई म्हणाली, "देव कुटलाबी धर, पन येळेवर जेवत जा."

नवऱ्याच्या कामामुळं पानिपतला आलो, तरी रविवारचं वाचन फोनवर चालूच राहिलं. शेवटी शेवटी अक्काला दम लागायचा. मी वाचायची, ती नुसती "हां" म्हणायची. एकदा मित्राच्या कबरीपाशी प्रभू येशू रडतो तो भाग आला आणि तिनं मला थांबवलं. "आता जित्ता उठिवनारच हाय त्याला. ठावं हाय. मग रडतो कशाला गं?" मी ती ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, "असू दे... मलाबी न्हाय आलं उत्तर अजून."

मागच्या आठवड्यात सोलापूरला जाऊन आले. खिडकीपाशी तिची चटई तशीच अंथरलेली. रूथनं तिचं शास्त्र, पेन्सिल आणि झिजून करंगळीच्या पेराएवढं उरलेलं खोडरबर माझ्या हातात दिलं. मी तो भाग काढला. तिथलं चिन्ह पुन्हापुन्हा गिरवून काळंभोर झालं होतं. तेव्हाही मला रडू आलं नाही. ज्याला सगळं ठाऊक होतं तो रडला, आणि काहीच न कळणारी मी कोरडी. तिच्या चिन्हाशेजारी मी माझं एक केलं, दाबून.

शास्त्र आणि पेन्सिल घेऊन आले. खोडरबर रूथकडंच ठेवलं.