सगुणाबाईंचा चिखल

सगुणाबाई आमच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून आल्या, तेव्हा फॉर्म भरताना सुगत सरांनी विचारलं, "अनुभव?"

"अडतीस वर्सां," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"चिखलाचा."

सर हसले, मीही हसले. पुढच्याच आठवड्यात मी खाडीत मांडीपर्यंत रुतले आणि बोंबा मारायला लागले. तेव्हा याच बाई काष्टा मारून, अनवाणी, भाजी घ्यायला निघाल्यासारख्या आरामात माझ्यापर्यंत चालत आल्या. "पाय सपाट टाक, बाय. घाई केलीस का चिखल धरतो," असं म्हणून त्यांनी मला दंडाला धरून उपसून काढलं. माझा एक गमबूट अजून तिथेच आहे.

मी उज्वला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे, आता राहायला करंजाडेला. खाडी मी जन्मभर पुलावरूनच पाहिलेली. आणि मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमचं काम असं: खाडीच्या तळाशी बसलेल्या चिखलात तांबं, शिसं, जस्त, कॅडमियम असले जड धातू किती आहेत आणि ते जिवांना किती बाधतात, हे शोधायचं. किती आहेत ते मशीन सांगतं. बाधतात का, ते मात्र मशीनला कळत नाही. कधी धातू चिखलाला असा घट्ट चिकटलेला असतो की कुणाला त्रासच होत नाही, आणि कधी थोडासुद्धा जीव घेतो. हे मी सगुणाबाईंना समजावायला बसले, तर त्यांनी मलाच थांबवलं. "म्हंजे ताटात किती वाढलं ता येगलं, आनि अंगाला किती लागलं ता येगलं." मी हे वाक्य तीन वर्षांच्या पदवीत ऐकलं नव्हतं!

अंगाला किती लागतं हे कळण्यासाठी आम्ही किडे वापरतो. चिखलात राहणारे, कोळंबीच्या जातीचे, तांदळाच्या दाण्याएवढे. काचेच्या भांड्यात चिखल घालायचा, वर स्वच्छ खारं पाणी, आणि आत वीस किडे सोडायचे. दहा दिवसांनी चाळून जिवंत किती ते मोजायचे. एवढीच परीक्षा. पण तिला एक कडक अट असते. संशयित चिखलाशेजारी एक चांगला चिखलही ठेवावा लागतो, आणि त्यात शंभरातले किमान ऐंशी किडे जगावे लागतात. तिथेच मेले तर सगळी परीक्षा रद्द.

संशयित चिखल होता सगुणाबाईंच्या सासरचा. त्यांचं गाव सीवूड्सच्या पलीकडे, खाडीला लागून. त्याच चिखलात हात घालून त्यांनी वर्षानुवर्षं निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, आणि चिंबोऱ्या काढल्या. मग गावाशेजारून कारखान्यांच्या सांडपाण्याचा एक नाला वाहू लागला, कधी काळा, कधी निळसर, आणि निवट्या गायब झाल्या. गावानं अर्ज केले. दर वेळी उत्तर एकच: चिखल काळाच असतो, पुरावा आणा. सगुणाबाई आमच्याकडे झाडायला-पुसायला म्हणून आल्या नव्हत्याच. त्या पुरावा न्यायला आल्या होत्या.

चांगला चिखल कुठून आणायचा, यावर त्यांनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. "माज्या माहेरचा. उरनकडं. लोन्यावानी हाय." त्यांचे भाऊ गोटीराम अजून तिथे रोज चिखलात उतरतात. चिखल आला, किडे आले, पाणीही तिकडूनच कॅन भरून आलं. माहेरची पाच भांडी, सासरची पाच. दोन्हीकडे शंभर-शंभर किडे. सगुणाबाई रोज सकाळी सातला येऊन प्रत्येक भांड्यात डोकावायच्या आणि किड्यांना "माजी पोरां" म्हणायच्या. दिवसाआड पाणी बदलायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी आले, तर दहाही भांडी थंड. नाल्याच्या चिखलात हालचाल नाही, हे समजू शकत होतं. पण माहेरच्या भांड्यांतही किडे वर येऊन पांढरे पडून तरंगत होते! शंभरातले सहा जिवंत. माझं डोकं फिरलं. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. आणि मी बोलून बसले, "तुमच्या माहेरच्या चिखलातच काहीतरी आहे, मावशी. उगाच लोण्यासारखा म्हणून गळ्यात मारलात."

 त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही. सर हळूच म्हणाले, "वाईट झालं. आता नाल्याचा चिखल विषारी आहे, असंही म्हणता येणार नाही आपल्याला." सगुणाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आठवला की अजून मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मीही सातला पोचले. म्हटलं, माफी मागावी आणि भांडी धुऊन टाकावीत. मागच्या मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. बघते तर सगुणाबाई पाटावर बसून तांब्याचा हंडा घासत होत्या. चिंच आणि मीठ लावून, असा लखलखीत की त्यात माझं तोंड दिसावं. शेजारी उरणहून आलेला नवा पाण्याचा कॅन, आणि प्लास्टिकच्या मगात हंड्यातलं मागचं उरलेलं पाणी.

"हा हंडा इथे कशाला?"

"पानी निवलत ठेवाला. तूच नाय बोललीस? रातभर चांगल्या भांड्यात ठेवा, मंग पोरांना घाला. मागच्या वक्ताला ठेवलेला तसाच ठेवतंय." त्यांनी डोळे पदराला पुसले. "माज्या आयचा हंडा हाय, उज्वला. घरात याच्याहून चांगला भांडा नाय. नव्या पोरांना तरी चांगला पानी मिलू दे."

मी मगातल्या पाण्याकडे पाहिलं. त्याला हिरवट झाक होती.

"मावशी!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातली चिंच खाली पडली. "माहेरचा चिखल चांगलाच आहे! सर! सर कुठायत?"

सर नुकतेच बूट काढत होते. एक पायात, एक हातात, तसेच आले. मगातलं ते पाणी आम्ही मशीनला लावलं. आकडा आला आणि सरांनी हातातला बूट टेबलावरच ठेवला. नाल्याजवळच्या खाडीच्या पाण्यात सापडलं होतं त्याच्या कितीतरी पट तांबं! खारं पाणी, चिंचेनं उघडं पडलेलं कोरं तांबं आणि अख्खी रात्र. माणसाला आपण कौतुकानं तांब्याच्या भांड्यातलं पाणी देतो. त्या दाण्याएवढ्या जिवाला तेच तांबं मारतं. आम्ही खाडीभर ज्याचा शोध घेत होतो, तो धातू आमच्याच मोरीत घासूनपुसून ठेवला होता.

सगुणाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या हंड्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे मीच मारली माजी पोरां?"

"नाही," मी म्हटलं. "मी मारली. 'चांगलं भांडं' म्हणजे तुमच्या घरात काय, हे मी विचारलंच नाही. 'प्लास्टिकचं' असा एक शब्द म्हणाले असते तर संपलं असतं." त्यांचा हात धरून मी माफी मागितली. त्यांनी ओल्या हातानंच माझ्या गालावर एक हलकी चापट मारली. हिशेब मिटला.

पण सरांचा चेहरा उतरलेलाच होता. "पुन्हा करू, पण हे बाहेर गेलं तर नालेवाले काय म्हणतील? सगळे किडे म्हातारीच्या हंड्यानं मेले, नाल्याचा काय दोष?"

"पुन्यानं करा ना मंग," सगुणाबाई उठल्या. "सगला पुन्यानं. आनि या वक्ताला मी पान्याला हात लावनार नाय. तुमी वता, मी बघतंय."

पुन्हा चिखल आणला, पुन्हा किडे वेचले. पाणी प्लास्टिकच्या पिंपात निवळलं, आणि प्रत्येक वेळी ओतण्याआधी त्याचा नमुना मशीनला लावून आकडा लिहून ठेवला. दहा दिवस मला घरी जेवण गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, कुणाची डिलिव्हरी आहे का?

दहावा दिवस. माहेरचं पहिलं भांडं मी चाळणीत रिकामं केलं, वरून पाण्याची बारीक धार सोडली. चिखल वाहून गेला आणि चाळणीत टुणटुण उड्या सुरू झाल्या. सगुणाबाई बोटानं मोजत होत्या, मी कागदावर रेघा ओढत होते. एकोणीस! दुसरं, अठरा. तिसऱ्यात पुरे वीस, आणि सरांनी चक्क शिट्टी मारली. पाचही संपली तेव्हा बेरीज झाली त्र्याण्णव. सगुणाबाईंनी तिथल्या तिथे उरणला फोन लावला. "दादा, तुजा चिखल पास झायला रं! शंबरात त्र्यान्नव!" पलीकडून गोटीरामदादा काय म्हणाले ते कळलं नाही, पण हसण्याचा आवाज अख्ख्या लॅबला ऐकू आला.

मग सासरची भांडी. फोन ठेवून त्या चाळणीजवळ आल्या. धार सोडली, काळा चिखल वाहून गेला. तीन. पुढच्यात एक. मग शून्य. मीच मोजणं थांबवलं, कारण त्यांच्याकडे बघवेना. याच चिखलातलं त्यांनी मुलांना रांधून घातलं होतं. पण त्यांनी माझा हात धरून पुन्हा पेन्सिलीवर नेला. "थांबू नको. लिव."

शंभरातले सात. तेच पाणी, तेच किडे, तेच दहा दिवस, फरक फक्त चिखलाचा. सरांनी कागदावर सही केली, मी केली. सगुणाबाईंनी दोन्ही हात पदराला पुसून, एकेक अक्षर दाबत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग मोरीत जाऊन आईचा हंडा उचलून कमरेवर घेतला. दारात वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र असा खणखणीत, की सरही उभे राहिले.

"आता बोलव त्या नालेवाल्यांना," त्या म्हणाल्या. "माज्या हंड्यावर खापर कोन फोडतो ता बघतंय मी."